एका तळहातावर दोन देव

गळ्याच्या डाव्या अंगाला आवळ्याएवढी गाठ आली, तेव्हा बसवराजअप्पांनी तिला तीन महिने शर्टाच्या कॉलरखाली लपवून ठेवलं. कॉलरचं बटण लागेना, तेव्हा त्यांनी बटण लावायचंच सोडून दिलं. गावच्या दूध सोसायटीचा हा सचिव. बावीस वर्षं लोकांच्या दुधात पाण्याचा थेंब शोधण्यात गेलेली, आणि स्वतःच्या गळ्यातली गाठ मात्र त्यांना दिसत नव्हती. शेवटी त्यांची बायको शिवकांता एका सकाळी सोसायटीतच येऊन उभी राहिली. चार माणसांसमोर म्हणाली, "आज केजच्या डाक्टरकडं येताव का, का मी ह्यांनाच तुमाला उचलून न्यायला सांगू?" अप्पा निमूट जीपमध्ये बसले.

केजच्या डॉक्टरने बीडला पाठवलं, बीडच्याने पुण्याला. पुण्यात गाठीचा तुकडा काढला, तपासला आणि सांगितलं, लिम्फोमा आहे. रक्तात बी नावाच्या पेशी असतात. रोगाशी लढायचं काम त्यांचं, पण अप्पांच्या अंगात त्याच बेफाम वाढत सुटल्या होत्या. त्या दवाखान्यात एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. नेहमीचं औषध सगळ्यांनाच मिळणार होतं. त्याच्या जोडीला निम्म्या लोकांना नवं औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन. बाटलीवर तपकिरी पिशवी चढवलेली, आत काय आहे ते रोग्यालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. रोग्याला नावाऐवजी नंबर.

कागद वाचून दाखवणाऱ्या बाईंना वाटलं होतं, खेड्यातल्या माणसाला हे समजवायला तासभर जाईल. अप्पा म्हणाले, "कळलं. आमी नमुन्याच्या बाटलीवर नंबरच टाकतो. फॅट काढणाऱ्याला कळू न्हाई, दूध पाटलाचं हाय का सटवाचं." आणि त्यांनी सही ठोकली. त्यांचा नंबर सतरा.

हे सगळं बारा सालच्या दिवाळीच्या तोंडावर. त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. सोसायटीत दिवसाला सहाशे लिटर यायचं ते साठावर आलं. गुरं छावणीत, गडीमाणसं ऊसतोडीला, आणि गावात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या म्हाताऱ्या. दूध संघाचा टेम्पो यायचा, अर्धा कॅन घ्यायचा आणि रिकामा खडखडत निघून जायचा. अप्पा तरी रोज सकाळी सहाला सोसायटी उघडत होते.

दर तिसऱ्या बुधवारी पुण्याला जायचं. मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाडी बदलायची. तिथेच एका ढाब्याच्या बाकड्यावर त्यांना शिवलिंगअप्पा भेटले. दिंद्रुडचे किराणा दुकानदार, अंगाने ऐसपैस, तोंडाने त्याहून ऐसपैस. तेही लिंगायत वाणी, आजार तोच, दवाखाना तोच, बुधवार तोच. त्यांचा नंबर अठरा.

"म्हंजी तुमच्या पाठीवर जन्मलो की मी!" शिवलिंगअप्पा म्हणाले, आणि ढाबेवाल्याला ओरडले, "सतराला एक चहा दे बे, कडक!" त्या दिवसापासून सतरा आणि अठरा हीच त्यांची नावं झाली. बायकांचंही जमलं. शिवलिंगअप्पांच्या महानंदाबाई अबोल होत्या, आणि शिवकांताला कुणीतरी ऐकणारं हवंच होतं.

तिसऱ्या सलाईननंतर डिसेंबरात दोघांचा स्कॅन होता. तोवर शिवलिंगअप्पांच्या काखेतली गाठ साफ विरघळली होती. अप्पांची जिथल्या तिथे होती, उलट तिच्याशेजारी एक धाकटी उगवली होती. बोलून कुणी दाखवलं नाही, पण चौघांच्याही मनात एकच होतं: नवं औषध अठराला लागलं, सतराच्या पिशवीत नुसतं मिठाचं पाणी आहे.

स्कॅनच्या खोलीत अंगावर धातू चालत नाही. दोघांच्याही गळ्यात चौका, म्हणजे चांदीची डबी, आणि चौक्यात इष्टलिंग. हा देव जन्मभर अंगावरून उतरवायचा नसतो. तो म्हणजे आपला प्राण, असंच लहानपणापासून ऐकलेलं. दोघे दारात अडून बसले. शेवटी बायकांनीच तोड काढली. देव आमच्या हातावर राहील, भुईला लागणार नाही, आणि तुम्ही उपाशी आत बसाल तेवढ्यात आम्ही त्याची पूजाही करून ठेवू. इंजेक्शन टोचून दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत तासभर एकटं बसवलं, तोवर बायका बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या.

पुढचं अप्पांना कळलं ते दुसऱ्या दिवशी, गावी आल्यावर. सकाळी पूजेला बसले. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं, भस्म लावलं आणि नजर लावली. चाळीस वर्षं ते त्या काळ्या चकचकीत गोलाईवर नजर लावत होते. खिडकीतल्या उजेडाचा एक ठिपका तिथे पडायचा, माथ्याच्या जरा उजवीकडे. आज तो ठिपका बरोबर मधोमध होता. त्यांनी हात हलवून पाहिला. ठिपका हलला नाही. त्यांच्या देवाच्या पायथ्याशी मुगाच्या दाण्याएवढा खळगा होता, बोटाला सवयीचा. तो नव्हता.

"शिवकांते," त्यांनी हाक मारली, "काल पूजा कशी केलीस?"

ती आली, बघितलं, आणि काल काय झालं ते सांगू लागली. बाटलीत गावाहून नेलेलं घोटभर पाणी होतं. सहीला तिला आत बोलावलं, म्हणून तिने देव महानंदाबाईंच्या हातावर ठेवला. आणि टँकरवर भांडी घेऊन उभ्या राहणाऱ्या बायका त्या. दोन देवांना दोनदा पाणी कशाला, म्हणून महानंदाबाईंनी एकाच तळहातावर दोन्ही शेजारी ठेवून एकाच पळीत न्हाऊ घातले. पुसून चौक्यात घातले ते अंदाजानेच.

"पुढच्या खेपेला देऊ परत," अप्पा म्हणाले. "देव कुणाचाबी असो, देवच हाय. घाबरू नको."

आणि त्यांचा बेत तोच होता. अप्पांनी उभ्या जन्मात दुसऱ्याचा कॅन चुकून आपल्या दारात ठेवून घेतला नव्हता.

पण चौथ्या दिवशी दाढी करताना वस्तरा गाठीवर अडखळला नाही. अप्पांनी बोटाने चाचपलं. धाकटी नव्हतीच, थोरली सुपारीएवढी उरली होती. आठव्या दिवशी कॉलरचं बटण लागलं. शिवकांताने त्यांना आरशासमोर उभं केलं आणि हसता हसता रडायला लागली. रडता रडता मध्येच थांबली. तिची नजर त्यांच्या छातीवरच्या चौक्याकडे गेली होती.

बाराव्या दिवशी शिवलिंगअप्पांचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, छावणीतल्या गुरांचं झालं. मग आवाज जरा उतरला. "सतरा, एक इचारू का? रागावू नका. माझा देव तुमच्याकडं तर आला न्हाई ना? पूजेला बसलं की परकं वाटतंय."

अप्पांच्या हाताची बोटं कॉलरच्या बटणावर होती. "न्हाई हो," ते म्हणाले, "माझा माझ्याकडंच हाय."

"मग माझ्याच डोळ्याला काही झालं असंल," शिवलिंगअप्पा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. अप्पांनी त्या दिवशी जेवताना भाकरी अर्ध्यावर सोडली. माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान पोट तरी खरं वागतं, एवढाच काय तो दिलासा.

चाचणीतल्या प्रत्येकाला दवाखान्याने एक वही दिली होती. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहायचा, आणि शेवटच्या रकान्यात, 'आणखी काही जाणवले का?' अप्पांची वही सोसायटीच्या रजिस्टरासारखी नीट. त्या रकान्यात त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. जानेवारीच्या एका मंगळवारी पूजेला बसले आणि तळहातावरचा देव गरम लागला. उन्हात ठेवलेला नव्हता, पाणीही गार होतं. तरी चहाचा पेला धरावा तसा गरम. थर्मामीटर लावलं, अप्पांचा ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. दुपारपर्यंत देव निवला. अप्पांनी वहीत रकाना कोरा ठेवला, पण तारखेच्या शेजारी पेन्सिलीने बारीक टिंब केलं.

मग अशी टिंबं वाढू लागली. फेब्रुवारीत पाच. मार्चात नऊ. देव गरम व्हायचा तेव्हा अप्पांना स्वतःला मात्र काही होत नव्हतं. भूक लागत होती, झोप लागत होती, वजन चार किलो वाढलं. मार्चच्या स्कॅनमध्ये एकही गाठ दिसली नाही. डॉक्टरांनी पाठ थोपटली. "नवीन औषध मिळालंय का मला?" अप्पांनी विचारलं. "चाचणी संपेपर्यंत मलाही कळणार नाही," डॉक्टर म्हणाले.

त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर शिवलिंगअप्पा बसले होते. अंगातला शर्ट दुसऱ्याचा वाटावा इतके उतरले होते. काखेतली गाठ परत आली होती आणि सोबत पोटात आणखी घेऊन आली होती. त्यांनी अप्पांच्या गळ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "लई बेस झालं, सतरा. लई बेस." आणि उठायला येत नव्हतं तरी जाऊन चहा सांगून आले. अप्पांना गळ्यातला चौका त्या क्षणी काढून समोर धरायचा होता. हात उचललाही होता. पण शिवकांताने तो धरला आणि ती म्हणाली, "गाडी चुकंल." गाडीला अजून दीड तास होता.

मे महिन्यात गावातली शेवटची विहीरही कोरडी पडली. एका सकाळी अप्पा पूजेला बसले आणि त्यांच्या हातातून देव निसटता निसटता राहिला. तो गार होता. नुसता गार नव्हे, हाडापर्यंत जाणारा. बाहेर सकाळीच अंग भाजत होतं आणि अप्पांचा डावा हात मनगटापर्यंत बधिर झाला. त्यांनी देव चौक्यात ठेवला, उठले, धुतलेलं धोतर नेसले. शिवकांताने विचारलं, "कुठं निघालाव?"

"दिंद्रुडला. अठरा गेला."

"फोन आलता का?"

"यील आता," अप्पा म्हणाले. ते चप्पल घालत असतानाच फोन वाजला.

दोघं दिंद्रुडला पोचेपर्यंत दुपार झाली. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, हातावर त्याचा देव ठेवून बसवून समाधी देतात. ओसरीवर शिवलिंगअप्पांना मांडी घालून भिंतीला टेकून बसवलं होतं. कपाळाला भस्म, गळ्यात फुलांची माळ, डोळे अर्धवट उघडे. जणू दुकानात गिऱ्हाईक येण्याची वाट बघत बसले होते. त्या डोळ्यांसमोरून अप्पांना पुढे जाववेना.

महानंदाबाई आतून आल्या. त्यांच्या हातात दवाखान्याची वही होती. "ही परत द्यायची हाय म्हणं पुण्याला. तुमी जाताव, तर न्या." एवढं बोलून त्या आत गेल्या.

अप्पा लिंबाखाली बसले आणि त्यांनी कायम सोबत असलेली स्वतःची वहीही पिशवीतून काढली. पेन्सिलीच्या टिंबांच्या तारखा एकीकडे, शिवलिंगअप्पांच्या तापाच्या तारखा दुसरीकडे. मंगळवारी टिंब, गुरुवारी एकशे एक. रविवारी टिंब, मंगळवारी एकशे दोन. एकही चुकलं नव्हतं. देव आधी तापत होता आणि माणूस दोन दिवसांनी. अप्पांना दोन-दोन दिवस आधी कळत होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग त्यांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. तिथे दुकानदाराच्या घाईच्या अक्षरात रोज काहीतरी लिहिलेलं होतं. 'देव गार. सतराला आराम हाय.' दुसऱ्या दिवशी, 'देव गार. सतराला आराम.' पान उलटलं, पुन्हा तेच. डिसेंबरातल्या फोनच्या तारखेला मात्र चार ओळी होत्या. 'सतराला फोन केला. न्हाई म्हणला. आवाज हालला त्याचा. महानंदाला सांगितलं, इचारायचं न्हाई. त्याला गुण येतोय. येऊ दे.'

अप्पांनी तोंडावर उपरणं धरलं. आयुष्यात त्यांना इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती लाज धरायला समोर माणूसही उरला नव्हता. मग शेवटचं पान काढलं. कालची तारीख होती, अक्षरं वाकडीतिकडी. 'आज देव कोमट लागतोय. माझाच हात तापलाय का सतराचं काही हाय? त्याला सांगावं का?'

शिवकांता त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. तिने त्यांचं मनगट घट्ट धरलं. "आवो, ऐका," ती हळू पण घाईने बोलली. "बोलू नका आता. त्यांनी मनानं दिलंय तुमाला. तुमचा देव त्यांच्या हातात जातोय मातीत, तर जाऊ द्या. कोमट हाय ना? तुमचं दुखणंबी त्याच्यासंगं मातीत जाईल. तुमाला हात जोडते."

तिचं म्हणणं अप्पांना पटलं नाही असं नाही. पुरतं पटलं. जगायची इच्छा कुणाला नसते? गेल्या पाच महिन्यांत त्यांना भाकरीची चव परत आली होती, पहाटेचा वारा परत गोड लागत होता. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात ते आता तयार झाले होते.

शेताच्या कडेला खड्डा खणलेला होता. जमीन इतकी वाळलेली की कुदळीच्या घावाला ठिणग्या उडाल्या, असं खणणारा हरिबा सांगत होता. शिवलिंगअप्पांना आत बसवलं. स्वामींनी मंत्र म्हणत त्यांच्या गळ्यातला चौका उघडला आणि देव काढून डाव्या तळहातावर ठेवला. लोक मीठ आणि भस्म घेऊन पुढे सरकले.

अप्पांनी वरूनच पाहिलं. उन्हाचा ठिपका त्या काळ्या गोलाईवर पडला होता, माथ्याच्या जरा उजवीकडे. तो मेलेल्या माणसाचा हात होता आणि त्यात आपण बसलो होतो, असं त्यांना स्पष्ट दिसलं. आणि त्याहून वाईट हे की तो माणूस मातीत निघाला होता तोही परक्याचा देव घेऊन. वरही त्याला कुणी ओळखणार नव्हतं.

"थांबा," अप्पा म्हणाले.

सगळे थांबले. "स्वामी, तो देव माझा हाय. ह्यांचा माझ्या गळ्यात हाय. पाच महिने हाय. ह्यांनी मला इचारलतं, मी खोटं बोललो."

कुणीतरी शिवी हासडली. महानंदाबाई बायकांतून दोन पावलं पुढे आल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. "द्या त्यांचं त्यांना," त्या म्हणाल्या. "ते वाट बघत व्हते, तुमी कवा बोलताव त्याची."

अप्पा खड्ड्यात उतरले. गळ्यातला चौका उघडून तो गारठलेला देव त्यांनी शिवलिंगअप्पांच्या हातावर ठेवला आणि आपला उचलला. बोटाला खळगा लागला. आणि हात एकदम मागे आला. देव पोळत होता. शिवलिंगअप्पांचा तळहात मात्र थंड होता, ते त्यांनी आता स्वतः शिवून पाहिलं होतं. "उन्हानं तापलं असंल," वरून हरिबा म्हणाला. अप्पांनी मान डोलावली, मूठ मिटली आणि मीठ पडायच्या आत ते वर आले.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. गळ्यातला चौका शर्टाला सारखा चटका देत होता. शिवकांता चुलीपुढे पाठ करून बसली होती. अप्पांनी तोंड धुतलं, थर्मामीटर लावलं आणि दिव्याच्या उजेडात धरून वाचलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. अंग हलकं होतं, भूकही होती. बोट गळ्यावर फिरवलं. काहीही नव्हतं.

त्यांनी वही उघडली आणि ताप लिहिला. मग पहिल्यांदाच शेवटच्या रकान्यात पेन टेकवलं. 'देव गरम. परवा ताप येईल. उद्याच निघतो.'

"शिवकांते, सकाळच्या गाडीनं पुण्याला जायचं," ते म्हणाले. "बाटलीत पाणी भरून घे."

"किती?" तिने न वळता विचारलं.

"एकापुरतं."

ती उठली आणि रांजणाचं झाकण काढलं. आतून तळाला लागलेल्या पळीचा आवाज आला. अप्पांनी वही मिटता मिटता पुन्हा उघडली, आणि ओळीखाली अजून एक ओळ लिहिली.

'अठराला आराम हाय.'